आधी खुर्ची, मग विमान

आमच्या दुकानात एकदा एक बाई पांढरा टॉवेल घेऊन आल्या. टॉवेलवर काळे डाग होते. त्या लँझारोटेला जाऊन आल्या होत्या आणि तिथली वाळू काळी आहे हे ब्रोशरमध्ये ठळक लिहिलं नव्हतं, अशी त्यांची तक्रार होती. लँझारोटे हे स्पेनचं बेट, पण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ. सगळं ज्वालामुखीतून वर आलेलं. तिथली वाळू काळी नसेल तर कसली असेल? पण मी "आय अ‍ॅम सो सॉरी" म्हणाले आणि टॉवेल हातात घेऊन दोन्ही बाजूंनी नीट पाहिला. बाईंना तेवढंच हवं होतं. दुसरे एक गृहस्थ थेट ज्वालामुखीवरच नाराज होते. ते तिथे होते त्या आठवड्यात तो एकदाही पेटला नाही.

नॉटिंगहॅमच्या एका हाय स्ट्रीटवरच्या ट्रॅव्हल एजन्सीत मी माझ्या नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं काढली. लोकांना वाटतं, ट्रॅव्हल एजंट म्हणजे तिकिटं काढून देणारा माणूस. इंटरनेट येईपर्यंत ते बरंचसं खरं होतं. नंतर लोक सोफ्यावर बसून स्वतःच तिकिटं काढायला लागले. दुकानाच्या अर्ध्या भागात मोबाईलची कव्हरं विकणारा आला, ब्रोशरची मांडणी भिंतीच्या एका कोपऱ्यात गेली, आणि आमच्याकडे उरले ते ज्यांचं काम एका क्लिकवर होत नाही असे लोक. व्हीलचेअरवाले, ऑक्सिजनचा सिलेंडर बरोबर नेणारे, आणि डायलिसिसवाले. आमची मॅनेजर कॅरन हुशार होती. तिने या लोकांसाठी एक वेगळं डेस्क केलं आणि मला तिथे बसवलं. "यू हॅव द पेशन्स, शैला," ती म्हणाली. माझ्यात पेशन्स नाही हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण मला फोनवर होल्ड करून बसता येतं, आणि या कामात तोच गुण मोठा.

डायलिसिसच्या माणसाला सुट्टीवर पाठवायचं म्हणजे काय करायचं, ते सांगते. ज्याच्या किडन्या काम करेनाशा झाल्यात, त्याचं रक्त आठवड्यातून तीन वेळा मशीनमधून गाळून घ्यावं लागतं. एका वेळेला साधारण चार तास. हे चुकवून चालत नाही. त्यामुळे आपण नेहमी आधी विमान बघतो, मग हॉटेल, तसं इथे करता येत नाही. आधी जिथे जायचं तिथल्या क्लिनिकमध्ये मशीनशेजारची खुर्ची मिळते का बघायचं. त्यासाठी इथल्या हॉस्पिटलचं पत्र लागतं, ताजे ब्लड रिपोर्ट लागतात, इन्शुरन्सवाल्यांच्या चमत्कारिक प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. खुर्ची पक्की झाली की मग विमान. नव्या मुलींना ट्रेनिंग देताना मी पहिलं वाक्य हेच सांगायची.

लँझारोटे आमच्या या गिऱ्हाइकांसाठी सोयीचं होतं. जवळच्या विमानतळावरून थेट विमान, फेब्रुवारीत ऊन, समुद्राकाठी सपाट चालायची वाट, आणि क्लिनिक हॉटेलपासून लांब नाही. कॅरनने दर फेब्रुवारीला एक छोटा ग्रुप न्यायचं ठरवलं. बरोबर मी. त्या ग्रुपमुळे माझी टिपणीस पती-पत्नींशी गाठ पडली.

टिपणीस सर इथल्या सेकंडरी स्कूलमध्ये जॉग्रफी शिकवून रिटायर झालेले. उंच, सडसडीत, मफलर नीट घडी घालून गळ्यात. त्यांची पत्नी हेमाताई त्यांच्या मागे दोन पावलं. दोघं दुकानात आले तेव्हा सरांनी बसायच्या आधीच सांगितलं, "मला ज्वालामुखी बघायचाय."

"बसा ना सर," मी म्हटलं.

"तीस वर्षं मी या देशातल्या मुलांना ज्वालामुखीचा क्रॉस-सेक्शन काढून दाखवला. रंगीत खडूने. मॅग्मा चेंबर, व्हेंट, क्रेटर. प्रत्यक्षात एकही बघितलेला नाही. आधी मुलीचं शिक्षण, मग घर, मग हे." त्यांनी डावा हात उचलून दाखवला. डायलिसिसच्या सुया जिथे जातात तिथे शीर दोरीसारखी वर आलेली होती. "आणि हिला दाखवायचाय. लग्न झालं तेव्हा म्हटलं होतं, तुला जग दाखवीन. हिने शेजारचं डर्बी बघितलं."

हेमाताई हसल्या. "लीड्सही बघितलंय. मुलगी राहते तिथे."

सर बोलत राहिले. हेमाताई मधूनमधून फक्त दुरुस्ती करत होत्या. गोळीचं नाव, डॉक्टरांचं नाव, कुठल्या दिवशी डायलिसिस ते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सरांना डायलिसिस युनिटमध्ये हेमाताईच गाडी चालवत सोडत, चार तास शेजारी बसत, आणि घरी आणून झोपवत. सरांना बटाटा चालत नाही म्हणून दोनदा उकळून पाणी टाकून द्यायचं, टोमॅटो नाही, केळं नाही, मीठ जवळजवळ नाही, आणि पाणी मोजून. मी विचारलं, "तुम्ही स्वतः शेवटची सुट्टी कधी घेतलीत?" तर त्यांना प्रश्न कळायलाच वेळ लागला.

खुर्ची मिळाली. सोमवारी आम्ही पोचलो.

बेटाबद्दल एक गोष्ट माझ्या लक्षात तिथे गेल्यावरच आली. तिथे जे जे खायला प्रसिद्ध आहे ते ते सगळं डायलिसिसच्या माणसाला बंद. छोटे बटाटे सालासकट खाऱ्या पाण्यात उकडतात, पाणी आटेपर्यंत, म्हणजे सालीवर मिठाचा पांढरा थर येतो. बरोबर लाल-हिरवी चटणी. टोमॅटो, बकरीचं चीज, आणि बुटकी गोड केळी. पहिल्या संध्याकाळी वेटरने मोठ्या कौतुकाने बटाट्यांची थाळी टेबलाच्या मधोमध ठेवली. सरांनी थाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शैला, तुम्ही मला बरोबर जागी आणलंत." मी आधीच किचनशी बोलून ठेवलं होतं. त्यांच्यासाठी बिनमिठाचा भाजलेला मासा आणि भात आला. सर सीकेपी. मासा बघून त्यांचा चेहरा जरा निवळला.

मंगळवारी सकाळी त्यांना क्लिनिकमध्ये सोडलं. तिथली नर्स यायझा म्हणून होती. तिच्या इंग्लिशमध्ये क्रियापदं कमी असायची, पण काही अडत नसे. तिने सरांना आत नेलं आणि हेमाताई मागोमाग निघाल्या तेव्हा दारातच हात आडवा केला. "फॅमिली, नो. हिअर, नो."

"पण मी नेहमी बसते शेजारी," हेमाताई मला मराठीत म्हणाल्या. "सांग ना तिला."

मी सांगितलं. यायझा ठाम. नियम म्हणजे नियम. हेमाताई कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. बाहेर मिनीबस उभी होती. ग्रुपमधले व्हीलचेअरवाले आणि इतर चार जण त्या दिवशी ज्वालामुखी बघायला जाणार होते. डायलिसिसवाल्यांची फेरी मी शुक्रवारी ठेवली होती. बसमध्ये एक सीट रिकामी होती.

"हेमाताई, चला," मी म्हटलं. "चार तास इथे बसून काय करणार?"

"त्यांना काही लागलं तर?"

"यायझा आहे ना."

"आणि आम्ही शुक्रवारी जाणार आहोत की."

"शुक्रवारी पुन्हा जा. डोंगर काही हलत नाही."

त्या उठल्या, याचं मला तेव्हा जरा आश्चर्यच वाटलं. बसमध्ये त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि रस्ताभर ड्रायव्हरच्या हातांकडे बघत राहिल्या.

ज्वालामुखीचा तो पार्क मी अनेकदा बघितलाय. तीनशे वर्षांपूर्वी तिथे जमीन फुटली आणि कित्येक वर्षं फुटतच राहिली. शेतं, गावं, सगळं खाली गेलं. आज तिथे झाड नाही, पक्षी नाही. तांबडे, जांभळे, काळे डोंगर, आणि मधोमध पसरलेला लाव्हा. बसमधून खाली उतरू देत नाहीत, वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावरून बस कड्याच्या अगदी काठाने जाते आणि लोक श्वास रोखून बसतात. वर एका ठिकाणी मात्र उतरता येतं. तिथे जमिनीखाली अजून इतकी आग आहे की माणसं खड्ड्यात वाळकं झुडूप टाकतात आणि ते आपोआप पेट घेतं. जमिनीत रोवलेल्या नळीत बादलीभर पाणी ओततात आणि दोन क्षणांत वाफेचा लोट फटाक्यासारखा आवाज करून वर येतो. शेजारी एक हॉटेल आहे, तिथे विहिरीसारख्या भोकावर जाळी ठेवून कोंबड्या भाजतात. गॅस लागत नाही.

गाईड फावड्याने थोडी खडी उकरतो आणि लोकांच्या हातावर ठेवतो. सगळे "आऊच" म्हणून लगेच टाकतात. हेमाताईंनी ती मुठीत धरली, मग दुसऱ्या हातात घेतली, परत पहिल्या हातात. गाईड हसला आणि त्याने आणखी दिली. वाफेचा लोट आला तेव्हा त्या मोठ्याने ओरडल्या आणि मग स्वतःच्याच ओरडण्याला हसल्या. परतताना बसमध्ये त्यांनी मला विचारलं, "तो लाव्हा वाहत असताना गावातली माणसं कुठे गेली?" मी म्हटलं, काही दुसऱ्या बेटांवर गेली, काही राहिली आणि राखेत शेती करायला शिकली. त्यांनी मान डोलावली. क्लिनिकपाशी उतरायच्या आधी त्या म्हणाल्या, "शैला, यांना सांगू नकोस. त्यांना मला दाखवायचाय."

 गिऱ्हाइकाने सांगितलेलं गिऱ्हाइकाकडेच ठेवायचं, हा आमच्या कामाचा भाग आहे.

बुधवार चांगला गेला. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी माणसाला सगळ्यात बरं वाटतं. आम्ही द्राक्षांचे मळे बघायला गेलो. काळ्या राखेत प्रत्येक वेलीसाठी एक खोल खळगा, खळग्याच्या कडेला वाऱ्यापासून आडोसा म्हणून दगडांची अर्धगोल भिंत. पाऊस जवळजवळ नाही, पण राख दव धरून ठेवते. सरांनी हे आम्हाला सगळ्यांना समजावून सांगितलं, मग शेजारच्या जर्मन ग्रुपला सांगितलं, मग त्यांच्या गाईडला सांगितलं. ते बोलायला लागले की त्यांची पाठ सरळ व्हायची. हेमाताई लक्ष देऊन ऐकत होत्या. दुपारी लाव्हाच्या भुयारातल्या तळ्यावर गेलो. त्या पाण्यात खिळ्याच्या डोक्याएवढे पांढरे आंधळे खेकडे असतात. सर पायऱ्या हळूहळू उतरले आणि पाण्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

त्या संध्याकाळी ग्रुपमधल्या काही जणांना समुद्रावरच्या रस्त्यावर जायचं होतं. पर्यटक तिथे रात्रीच्या मजेसाठी जातात. एकाला एक लागून पब, कराओके, नकली गायकांचे कार्यक्रम, आणि दारात उभं राहून आत बोलावणारी पोरं. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक आपल्या युकेचंच. फरक इतकाच की इथे लोक कोट घालून पितात आणि तिथे चड्डीवर. आम्ही एका कराओके बारच्या बाहेरच्या टेबलांवर बसलो. सरांना पाणी मोजून असल्यामुळे त्यांनी बर्फाचे खडे मागितले आणि एकेक खडा तोंडात ठेवून चघळत बसले. "एक खडा, वीस मिनिटं," ते म्हणाले. "व्हिस्कीपेक्षा स्वस्त."

न्यूकॅसलच्या मुलींचा एक घोळका आला. त्यातल्या एकीचं लग्न ठरलं होतं, सगळ्यांनी गुलाबी पट्टे घातलेले. त्या नाचता नाचता आमच्या टेबलापाशी आल्या आणि त्यांनी हेमाताईंचा हात धरून ओढलं. "कम ऑन, आँटी!" हेमाताईंनी नाही नाही म्हटलं, मग चप्पल काढून ठेवली आणि गेल्या. सुरुवातीला त्या नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. मग पाय हलायला लागले. त्या मुलींनी त्यांच्याभोवती गोल केला आणि त्यांच्या गळ्यात एक गुलाबी पट्टा घातला.

सर तोंडात बर्फ धरून बघत होते. "ही नाचते?" त्यांनी मला विचारलं.

"दिसतंय तर खरं," मी म्हटलं.

 हेमाताई परत आल्या तेव्हा सरांनी आपला ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "बर्फ घे. दमलीस."

गुरुवारी डायलिसिस. हेमाताईंनी कॉरिडॉरमध्ये बसायचं नावही काढलं नाही. त्या एकट्या समुद्रावर फिरायला गेल्या.

शुक्रवारी सकाळी पडदा उघडला तर आकाश पिवळट तपकिरी. समोरचा समुद्र दिसत नव्हता. तिथे याला कालिमा म्हणतात. सहारातली धूळ वाऱ्याबरोबर बेटावर येते आणि एक-दोन दिवस सगळं झाकून टाकते. गाड्यांवर, टेबलांवर, दातांवर बारीक माती. पार्कला फोन केला. वाऱ्यामुळे वरचा रस्ता बंद. उद्या उघडेल का? कदाचित. परवा आमचं परतीचं विमान.

सर नाश्त्याला खाली आले ते टोपी, कॅमेरा, दुर्बीण घेऊन. मी सांगितलं. त्यांनी दुर्बीण टेबलावर ठेवली.

"उद्या जाऊ," ते म्हणाले.

"उद्या तुमचं डायलिसिस आहे, सर. ते संपून तिथे पोचेपर्यंत पार्क बंद होतो."

"ते पुढे ढकला."

मी यायझाला फोन केला. तिने शनिवारच्या सगळ्या वेळा बघितल्या. एकही खुर्ची रिकामी नव्हती. कोणाची वेळ बदलून मिळेल का, तेही तिने विचारून बघितलं. नाही. रविवारी क्लिनिक बंद.

"मग शनिवारचं चुकवू," सर म्हणाले. "मंगळवारी नॉटिंगहॅमला आहेच."

"गुरुवार ते मंगळवार?" मी म्हटलं. "सर, मला तुम्हाला तसं नेता येणार नाही. पोटॅशियम चढलं तर हार्ट थांबतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि असं कोणी विमानात बसलं तर पायलट उडवणार नाही."

"पायलटला सांगायला कोण जाणार आहे?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तशी नजर त्यांच्या वर्गात खूप मुलांनी बघितली असेल. "हे शरीर माझं आहे," ते म्हणाले. "निर्णय मी घेऊ शकतो. मी पाण्याचा एक थेंब घेणार नाही, काही खाणार नाही. टॅक्सी करून जाईन. तुम्ही येऊ नका."

 हेमाताई म्हणाल्या, "अहो, पुढच्या वर्षी येऊ."

"पुढच्या वर्षी?" सरांचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "पुढच्या वर्षीचं कोण बोलतंय? हेमा, मी तुला शब्द दिला होता. इतकी वर्षं तू माझ्या मागे धावतेस, मशीनशेजारी बसतेस, बटाटे दोनदा उकळतेस. एक गोष्ट मला तुझ्यासाठी करू दे. एकच. तुला तो बघायला मिळाला पाहिजे."

"मी बघितलाय," हेमाताई म्हणाल्या.

सर थांबले.

"मंगळवारी. तुम्ही आत होतात तेव्हा शैलाच्या बसमधून गेले. मीच तिला सांगितलं, तुम्हाला सांगू नकोस म्हणून."

सरांनी दुर्बिणीचा पट्टा हाताभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग उठले आणि लिफ्टकडे गेले. हेमाताई मागे गेल्या नाहीत. त्यांनी चहा ओतून घेतला. तो त्यांनी पूर्ण संपवला.

"मी सांगितलं नसतं आणि ते गेले असते तर?" त्यांनी मला विचारलं.

"गेले असते," मी म्हटलं. "अडवता आलं नसतं कोणाला."

"म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने, "त्यांना वाईट वाटणार हे माहीत होतं. पण वाईट वाटून माणूस मरत नाही ना गं."

दिवसभर खिडक्या बंद करून सगळे आतच बसले. मी ग्रुपसाठी पत्ते खेळायला काढले. सर खाली आले नाहीत. हेमाताईंनी दोनदा वर जाऊन त्यांना गोळ्या दिल्या आणि परत खाली आल्या. सर कसे आहेत विचारलं तर म्हणाल्या, "भिंतीकडे तोंड करून पडलेत."

संध्याकाळी जेवणाच्या वेळी मात्र सर आले. आंघोळ केलेली, मफलर नीट. आमच्या टेबलावर बसले. माशाचा एक तुकडा खाल्ला. मग हेमाताईंकडे न बघता म्हणाले, "कसा होता?"

"काय?"

"ज्वालामुखी."

हेमाताईंनी काटा खाली ठेवला. सांगायला त्यांनी सुरुवात केली ती बसच्या ड्रायव्हरपासून. तो एका हाताने गाडी चालवत होता आणि खाली दरी. मग लाव्हा कसा दिसतो ते. "उकळी आलेली आमटी उतू जाऊन शेगडीवर वाळते ना, करपून फुगे येतात, तसा. पण गावच्या गाव तसं." सरांनी विचारलं, गुळगुळीत होता की खडबडीत? दोन्ही, त्या म्हणाल्या, एका बाजूला दोऱ्या वळल्यासारखा, दुसऱ्या बाजूला नुसत्या ढेपा. रंग? तांबडा, पण विटेसारखा नाही, जरा जांभळट. वास? नाही, वास नव्हता. वाफ आली तेव्हा पाय हादरले का? हादरले. खडी किती गरम होती? हेमाताईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि तळवा उघडून दाबला. "एवढी," त्या म्हणाल्या. "पोळी तव्यावरून काढतो तेव्हाची."

सर एकदा मधे बोलायला लागले. त्या दोरीसारख्या लाव्हाला नाव असतं, ते सांगायला. दोन शब्द बोलून थांबले आणि म्हणाले, "हं, मग?"

वेटरने ताटं उचलली, कॉफीचे कप आणले, तरी त्या सांगत होत्या. मी उठून दुसऱ्या टेबलावर गेले. त्या दोघांना माझी आता गरज नव्हती. लांबून मला एवढंच दिसत होतं की हेमाताई हातांनी डोंगर काढतायत आणि सर पुढे वाकून बघतायत.

शनिवारी त्यांनी वेळेवर डायलिसिस घेतलं. यायझाने त्यांना निरोप म्हणून गालावर पापी दिली. ते इतके दचकले की ती हसत सुटली.

रविवारी वारा फिरला आणि धूळ निवळायला लागली. विमानतळावर मी चेक-इनच्या मुलीशी बोलून सीटची अदलाबदल करून घेतली. तिथून विमानं कधी कुठल्या दिशेने उडतील ते वाऱ्यावर असतं, त्यामुळे मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सर खिडकीपाशी, हेमाताई मधे, मी कडेला. विमान उठलं, समुद्रावर गेलं आणि उजवीकडे वळलं. खाली धुळीच्या पातळ पडद्यातून डोंगर दिसायला लागले. एकामागे एक तोंडं उघडी असलेले, आणि त्यांच्यापासून समुद्रापर्यंत काळा पसरलेला लाव्हा. जमिनीवरून बघताना हे असं एकत्र दिसत नाही.

सरांनी कपाळ काचेला टेकवलं. हेमाताई त्यांच्या खांद्यावरून वाकून बोटाने दाखवत होत्या. "तो बघा, तिथे बस थांबते. आणि तो तांबडा, त्याच्या मागून रस्ता जातो. नाही नाही, डावीकडचा."

"हा?"

"हा."

डोंगर दिसेनासे झाले तरी सरांनी मान वळवली नाही. मग ते पाठीमागे टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, "सगळे एका रेषेत आहेत. बघितलंस का? जमीन एका रेषेत फाटली होती." हेमाताई म्हणाल्या, "बघितलं."

त्यांनी पुढच्या फेब्रुवारीचं नाव नोंदवलं. खुर्चीही मिळाली होती. पण नोव्हेंबरमध्ये सर झोपेतच गेले, हार्टने. शेवटच्या डायलिसिसनंतर एकच दिवस झाला होता. मी फ्यूनरलला गेले होते. त्यांचे जुने विद्यार्थी आले होते, आता केस पांढरे झालेले. त्यातल्या एकाने मला सांगितलं की तो आजही कुठलाही डोंगर बघितला की आत काय असेल याचं चित्र डोक्यात काढतो.

क्लिनिकला ती खुर्ची नको म्हणून कळवायचं काम माझं होतं. यायझाने विचारलं, "मिस्टर आइस?" क्लिनिकमध्येही सर पाण्याऐवजी बर्फाचा खडाच मागायचे, म्हणून तिने ठेवलेलं हे नाव. मी सांगितलं. 

जानेवारीत हेमाताईंचा फोन आला. "शैला, तुझ्या त्या ग्रुपमध्ये जागा आहे का गं?"

"हेमाताई, तुम्हाला आता कशाला ग्रुप? तुम्ही नुसतं विमान पकडा आणि जा. काहीच लागत नाही तुम्हाला."

"तेच म्हणतेय," त्या म्हणाल्या. "मला काही लागत नाही. मग मी उपयोगी पडेन."

कॅरनला पटायला वेळ लागला, पण शेवटी ती हो म्हणाली. फेब्रुवारीत, मंगळवारी सकाळी आम्ही पुन्हा त्याच कॉरिडॉरमध्ये होतो. लीड्सहून आलेली जून नावाची एक बाई, तिच्या नवऱ्याला नुकतंच आत नेलं होतं. ती जाड कोटाची सगळी बटणं लावून भिंतीला टेकून बसली होती. मी तिला बसमध्ये यायचं का विचारलं, तिने मान हलवून नाही म्हटलं. हेमाताई तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"ही'ज नॉट गोइंग एनीव्हेअर, लव," हेमाताई म्हणाल्या. "आय प्रॉमिस यू."

जूनने त्यांच्याकडे बघितलं. सरांचं काय झालं हे तिला माहीत नव्हतं, आणि हेमाताईंनी सांगितलंही नाही. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. जूनने कोटाची बटणं सोडली, कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि हेमाताईंच्या मागोमाग उन्हात गेली.